फ्लूचा ताप उतरून पुन्हा चढतो तेव्हा

प्रश्न : सासूबाई 68 वर्षांच्या आहेत, मधुमेह आहे. फ्लूचा ताप चौथ्या दिवशी उतरला, जेवूही लागल्या. सातव्या दिवशी हुडहुडी भरून पुन्हा 102 ताप. खोकताना उजव्या बरगडीत कळ येते, कफ तांबूस पडतो. फ्लूच उलटला का? घरात अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या उरल्या आहेत, त्या द्याव्यात का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गोळ्या देऊ नका, त्यांना आजच डॉक्टरांकडे न्या. मध्ये दोन-तीन दिवस बरं वाटून ताप परत चढला, की फ्लूमागून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाची शंका आधी घ्यायची. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेचं अस्तर सोलवटून काढतो. कफ वर ढकलणारी तिथली बारीक लव निकामी होते आणि एरवी नाका-घशात निमूट राहणारे न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस यांसारखे जिवाणू थेट फुप्फुसात उतरतात. 1918च्या साथीतले बहुतेक बळी याच दुखण्याने गेले, असं तेव्हाच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांच्या तपासणीत दिसलं आहे. (खुद्द विषाणूमुळेही न्यूमोनिया होतो, पण त्यात मध्ये उतार पडत नाही, पहिल्या काही दिवसांतच धाप वाढत जाते.)

निघण्याआधी दोन गोष्टी मोजा. त्या शांत पडलेल्या असताना, त्यांना न सांगता, पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजा. सांगितलं की श्वास बदलतो. मिनिटाला 30 किंवा जास्त श्वास म्हणजे आजार गंभीर. मग ऑक्सिमीटर लावा. बोट गार असेल किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा फसवतो, म्हणून हात चोळून ऊब आणा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. 94च्या खाली आला तर दवाखान्याऐवजी सरळ रुग्णालय गाठा. असंबद्ध बोलणं, गुंगी, ओठ निळसर दिसणं, लघवी कमी होणं यांपैकी काही असेल तर मोजत बसू नका. उतारवयात कधी कधी ताप येतच नाही, नुसता गोंधळलेपणा दिसतो. घरचे त्याला ‘वयाचा परिणाम’ म्हणतात आणि तिथेच दिवस वाया जातो.

साखरही तपासा. जंतुसंसर्गात ती वाढते, त्यामुळे जेवण कमी झालं म्हणून इन्शुलिन परस्पर बंद करू नका. मात्रा डॉक्टरांना विचारा.

उरलेल्या गोळ्यांचं म्हणाल, तर त्या या जिवाणूला लागू पडतील याची खात्री नाही, शिवाय अर्धवट औषधाने नंतरच्या कफाच्या तपासणीत जंतू सापडणं अवघड होतं. छातीचा एक्स-रे आणि तपासणीनंतर ठरलेलं औषध सुरू झालं, की 48 ते 72 तासांत ताप उतरायला हवा. तसं झालं नाही तर पुन्हा दाखवा. फुप्फुसाभोवती पाणी किंवा पू साठला असण्याची शक्यता असते. थकवा मात्र काही आठवडे राहील, तो औषध फसल्याची खूण नव्हे. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर क्षयासाठी थुंकी तपासून घ्या.

प्रश्न : फ्लूची लस घेतली, तरी न्यूमोनियाची वेगळी घ्यावी लागते का?

उत्तर : हो. फ्लूची लस दरवर्षी, आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर. परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. न्यूमोकोकसची लस वेगळी आहे आणि ती दरवर्षी लागत नाही. दोन्ही एकाच दिवशी, दोन दंडांत घेता येतात. ताप चालू असताना मात्र थांबा.