नव्या संयुगाची घाई नको, आधी अशुद्धी मोजा

पहिल्याच भट्टीत Yb₅Sb₃ (यटर्बियम आणि अँटिमनीचं संयुग) चा 'नवा' ऑर्थोऱ्हॉम्बिक (आयताकृती पेटीसारख्या एकक-कोशाचा) स्फटिक-प्रकार मिळाला, म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. हा प्रकार हायड्रोजनमुळे टिकतो, हे अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ जॉन कॉर्बेट यांच्या गटाने दाखवलं आहे.

अशा ५:३ संयुगांत नेहमी दिसणाऱ्या Mn₅Si₃ (मँगनीज सिलिसाइड) घडणीत दर सूत्रामागे एक अष्टफलकी, म्हणजे सहा अणूंनी वेढलेली, पोकळी असते. तिथे कार्बन, ऑक्सिजन, कधी हायड्रोजन बसतो. वजनाने तो किरकोळ: Yb₅Sb₃ ची पोकळी पूर्ण भरायला १ ग्रॅममागे जेमतेम ०.८ मिलिग्रॅम हायड्रोजन पुरतो. क्ष-किरणांना तो जवळपास दिसतच नाही, त्यामुळे नुसत्या क्ष-किरण विवर्तनाच्या पॅटर्नवर भिस्त ठेवू नका.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- धातूचे तुकडे घ्या, तयार भुकटी नको. भुकटीचा पृष्ठभाग मोठा, म्हणजे ऑक्सिजन फुकटात येतो. तुकड्यांवरचा काळपट थर ग्लोव्हबॉक्समध्येच (निष्क्रिय वायूने भरलेल्या बंद पेटीत) खरवडा.
- वेल्ड केलेली टँटलम नळी वापरा. तापलेल्या टँटलममधून हायड्रोजन आरपार जातो. बाहेरची क्वार्ट्झ नळी सील केली, तर तिच्यातल्या ओलाव्याचा हायड्रोजन नमुन्यातच अडकतो.
- म्हणून तेच मिश्रण दोनदा तापवा: एकदा सीलबंद, एकदा पंप सतत चालू ठेवून. दुसऱ्या वेळी तो ऑर्थोऱ्हॉम्बिक प्रकार गायब झाला, तर संशय हायड्रोजनवर.
- मग अशुद्धी मुद्दाम घाला. Zr₅Sb₃ (झिर्कोनियम-अँटिमनी संयुग) मध्ये दर सूत्रामागे कार्बनचे अणू ०, ०.५, १ असे वाढवत जा आणि दर वेळी जालकाची (स्फटिकातल्या एकक-कोशाची) मापं लिहून ठेवा.

नेहमीची चूक: मापं जुळली नाहीत की दोष उपकरणाला. आधी धातूच्या बाटलीवरचं शुद्धतेचं लेबल वाचा, '९९.९ टक्के' हा आकडा बहुधा फक्त इतर धातूंपुरता असतो, वायू त्यात धरलेलेच नसतात.

पट्टरचनेचं (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यांचं) गणित तूर्त बाजूला ठेवा.