जिमखान्याची किल्ली हातात आल्यावर

अभिनंदन सर! एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) झालं, नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झाली, मुलाखतही पार पडली. आता कॉलेजचे क्रीडा संचालक म्हणून सुरुवातीला एवढंच बघा.

मैदानावर जाण्याआधी डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे जिमखान्यातल्या टिकाऊ सामानाची नोंदवही, उघडा. एकेक वस्तू मोजा, मगच चार्जच्या (सामान ताब्यात घेतल्याच्या) कागदावर सही. मी उलटं केलं. नोंदीत चौदा भाले, कपाटात नऊ, त्यातले दोन वाकलेले. पुढची तीन वर्षं ऑडिट आलं की मी त्या पाच भाल्यांचं उत्तर देत उभा!

दुसरं, पात्रता अर्ज. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट १७ ते २५, १ जुलैला धरून. बारावीची गुणपत्रिका, प्रवेशाची पावती, जन्मतारीख स्वतः ताडून बघा. क्लार्कवर सोडू नका. फायनलला पोचलेला संघ एका मुलाच्या कागदामुळे बाद होताना पाहिलाय.

नवे लोक हमखास करतात त्या चुका:
- पहिल्याच वर्षी पंधरा खेळांचे संघ उतरवणं. तीन-चारच घ्या. कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स बहुतेक ठिकाणी जमतं.
- निवड चाचणी न घेता ओळखीची पोरं घेणं. चाचणीची नोटीस लावा, निकालही फळ्यावर लावा.
- मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक न पाठवणं. ही तर चूकच म्हणायला नको, बेजबाबदारपणा आहे.
- स्पर्धेला जाताना उचललेल्या ॲडव्हान्सची बिलं साठवणं. परत आलात की त्याच आठवड्यात हिशेब द्या.

प्रमोशन, कॅस (बढतीची योजना) वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नका. उद्या सकाळी सहाला मैदानावर दिसा, पोरं आपोआप येतील.