अंगणवाडीत मूल तीव्र कुपोषित निघालं तर पुढची जबाबदारी कोणाची: महिला-बालविकास की आरोग्य खात्याची?

दोन्ही खात्यांची: मूल शोधणं, आहार आणि पाठपुरावा अंगणवाडीचा, तपासणी आणि उपचार आरोग्य खात्याचे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला, उंचीच्या मानाने वजन फारच कमी असलं किंवा दोन्ही पावलांवर सूज असली (अंगठ्याने तीन सेकंद दाबल्यावर खळगा राहतो), तर सेविकेने एएनएमला (आरोग्य उपकेंद्राच्या परिचारिकेला) लगेच कळवायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून साधारण दोनदाच येतं, त्याची वाट पाहू नका. तपासणीत भूक चाचणीही होते, म्हणजे दिलेला आहार मूल खातं का ते पाहतात. मूल नीट खात नसेल, सूज किंवा आजार असेल तर रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात भरती. नाहीतर गावातच, अंगणवाडीत चालणाऱ्या ग्राम बाल विकास केंद्रात आहार आणि देखरेख. घोळ होतो तो पुनर्वसन केंद्रातून घरी सोडल्यावर. दवाखान्याची नोंद वेगळी, अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपची वेगळी. त्यामुळे मूल परत आल्याचं सेविकेला अनेकदा कळतच नाही आणि वजन पुन्हा घसरू शकतं. म्हणून डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स त्याच दिवशी सेविकेला आणि आशाताईंना द्या. शहरात तपासणीसाठी मनपाच्या आरोग्य केंद्रात जाता येतं.