‘अभिवाचन’ वाचून दाखवू नका

मोर्शीकडच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, शाळेतल्या मुली भिडे वाड्यातली १८४८ची मुलींची शाळा रंगमंचावर उभी करणार आहेत. गाणी आहेत, फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेचा १८५५चा निबंध आहे. पत्रिकेवर ‘मैफल’ छापू की ‘अभिवाचन संध्या’?

मैफल सगळ्यांना ठाऊक आहे, ती सोडा. माझं डोकं फिरतं ते ‘अभिवाचन’वर. आमच्या गावच्या गॅदरिंगला माइकवरून ऐकलं, “आता आठवीच्या मुली अभिवाचन वाचून दाखवतील.” एका वाक्यात दोनदा वाचन, आणि मागच्या रांगेत एक अक्षर पोचलं नाही.

अहो, मुळात वाचन म्हणजेच मोठ्याने! संस्कृतात ‘वच्’ म्हणजे बोलणं. त्याचं प्रयोजक ‘वाचयति’, बोलायला लावणं. अक्षरं मुकी, त्यांना बोलतं करायचं ते वाचन. (जीव वाचतो ते वाचणं वेगळं.) खरी गंमत पुण्याहवाचनात आहे. लग्नघरात दरवेळी होतं, पण त्यातलं ‘वाचन’ पोथीचं नव्हेच. यजमान ब्राह्मणांना विनवतो, “पुण्याहं भवन्तो ब्रुवन्तु”, म्हणजे आजचा दिवस पुण्याचा आहे असं तुम्ही म्हणा. मग ते म्हणतात. म्हणवून घेणं, हेच ते वाचन! भाचीच्या लग्नात हे ध्यानात आलं तेव्हा मी पाटावरून उठायचाच बाकी होतो.

आमच्याकडे श्रावणात पोथी लावायचे. ओसरीवर कंदील, चौरंगावर पोथी, वाचायला मी. आवाज जरा उतरला की आजी म्हणायची, “जोरानं वाच ना बापू, मले आयकू नाही येऊन राह्यलं.” तिच्या लेखी ऐकू न आलेलं ते वाचनच नव्हे. मुकाट्याने वाचायचं तर आजही पोरांना ‘मनातल्या मनात’ असं मुद्दाम सांगावं लागतं ना?

नाटकवाली मंडळी ठासून सांगतात, अभिवाचन म्हणजे अभिनयासह वाचन. मग अभिषेक म्हणजे काय, अभिनयासह पाणी शिंपणं? ‘अभि’ म्हणजे ‘कडे, समोर’. नाट्यशास्त्रात ‘अभिनय’ची फोडही हीच आहे: अर्थ प्रेक्षकांकडे नेणं. त्या हिशेबाने समोर माणसं बसवून वाचलेलं ते अभिवाचन, एवढं मी नाइलाजाने कबूल करतो. हातवारे मागाहून घुसले, आणि हातवाऱ्यांच्या नादात कागद डोळ्यांपुढून हलतो तो वेगळाच.

बाई, कार्यक्रम वऱ्हाडात आहे, तर बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’मधलं पानभर घ्याच. १८८२चं पुस्तक, पण भांडायला उभं राहिल्यासारखं गद्य आहे. मनातल्या मनात वाचून त्याची चव कळत नाही.

हां, पत्रिकेचं राहिलंच. ‘गाणी आणि वाचन, संध्याकाळी ६ वाजता’ एवढं छापा. छापखानेवाला त्याला आपणहून ‘संपन्न होणार आहे’ चिकटवेल, ते प्रूफातच खोडा.