समुद्राकाठी राहतो, मग धुराची भीती कशाला?

आम्ही अगदी समुद्रालगत राहतो. हवेचं प्रदूषण मुंबईकरांची काळजी ना? (गुहागर)

दिवसा खारा वारा हवा हलती ठेवतो आणि पावसात कण धुऊन जातात, हे खरं. पण थंडीत रात्री वारा पडला की धूर वाडीतच बसून राहतो. पहाटे माडांमधून दिसणारी निळसर पट्टी नुसतं धुकं नसते. बंबाचा आणि पेटवलेल्या पातेऱ्याचा (वाळक्या पाल्याचा) धूर त्यात असतो.

हायवेच्या कामाने घरभर लाल धूळ. तीच जास्त वाईट ना? (संगमेश्वर)

तिने खोकला येतो, दमेकऱ्यांना त्रासही होतो. पण जाड धूळ बहुतेक नाका-घशात अडकते. मला जास्त धास्ती न दिसणाऱ्या कणांची वाटते. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. धुरातले बहुतेक कण याच जातीचे.

वडिलांनी कधी विडी ओढली नाही, तरी हार्ट अटॅक आला. डॉक्टर म्हणाले, चुलीपासून लांब ठेवा. धुराचा हृदयाशी काय संबंध? (देवगड)

डॉक्टरांचं ऐका. हे कण फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या संरक्षक पेशी ते गिळायला धावतात, त्या झटापटीत दाह होतो, आणि त्याचे पडसाद रक्तातून सगळ्या अंगभर उमटतात. सगळ्यात बारीक कण तर थेट रक्तात उतरतात. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, रक्त लवकर गोठू लागतं. आधीच चरबीने अरुंद झालेल्या वाहिनीत गुठळी अडकली की झटका; मेंदूच्या वाहिनीत अडकली तर पक्षाघात. २०१३ साली हवेतल्या या कणांची नोंद कर्करोगकारक म्हणूनही झाली. आणि वडिलांइतकीच चुलीपुढे बसणाऱ्या आईची चौकशी करा. फुंकणी घेऊन तिने किती वर्षं तो धूर गिळला असेल! गॅस असेल तर बंबापुरतीही चूल नको.

भाजावळ (पेरणीआधी पालापाचोळा पेटवून जमीन भाजणं) पिढ्यान्‌पिढ्या करतो. तोंडाला रुमाल बांधला तर चालेल? (राजापूर)

रुमालातून हे कण सहज आत जातात. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरा. दाढीची, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन भाजण्यामागे तण मारण्याची गरज आहे, ती मला कळते. निदान कवळ (तोडलेल्या पानांसकट डहाळ्या) पूर्ण वाळलेली असू द्या, ओल्या पाल्याचा धूर फार होतो. प्लास्टिकची एक पिशवीही त्यात टाकू नका. गरोदर बाई, तान्हं मूल आणि दमेकरी त्या दिवशी वारा जिकडून येतो त्या अंगाला, दुसऱ्या वाडीत पाठवा. अंगणातला पातेरा मात्र जाळायचं काहीच कारण नाही. माडाच्या आळ्यात घाला, पावसात कुजून खत होईल.