अमेरिकेत खालच्या श्रेणीतल्या फुटबॉल क्लबला बढती (जिंकून वरच्या श्रेणीत जाणं) मिळतच नाही, मग लोक त्यांचे सामने का बघतात आणि हे क्लब टिकतात कसे?

बढती नाही म्हणजे क्लबला अर्थ नाही, हे गृहीतकच मला मान्य नाही. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना लागला की जिंकणारा पुढे कुठल्या लीगला जाणार, हे कुणी विचारत नाही. आपली पेठ खेळते म्हणून माणूस जातो. १९९७ मध्ये शिकायला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला आलो, इथेच नोकरी लागली, इथेच राहिलो. तीच ओढ मला रॉचेस्टर रायनोजच्या गर्दीत सापडली, म्हणून याच क्लबबद्दल सांगतो.

रायनोज १९९६ मध्ये सुरू झाले, ए-लीगमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत. एमएलएस, म्हणजे अमेरिकेची सर्वांत वरची लीग, तीसुद्धा त्याच वर्षी दहा संघांनिशी सुरू झाली. पहिल्याच वर्षी रायनोजनी यूएस ओपन कपची अंतिम फेरी गाठली आणि डीसी युनायटेडकडून ३-० हरले. या कपात वरच्या-खालच्या सगळ्या श्रेणींचे संघ उतरतात, त्यामुळे लहान क्लबला मोठ्याची गाठ घेण्याची हीच एक जागा. शहर जेमतेम दोन-सव्वादोन लाखांचं. सामने कोडॅकच्या मुख्यालयाशेजारच्या फ्रंटियर फील्डवर, म्हणजे मूळच्या बेसबॉलच्या मैदानावर. तरी त्या वर्षांत सरासरी दहा हजारांवर माणूस येत होता. एमएलएसच्या कॅन्सस सिटीला तेव्हा तेवढी गर्दी जमत नव्हती.

माझे दाजी न्यू जर्सीत. मोठी नोकरी, जायंट्स स्टेडियमला मेट्रोस्टार्स या तिथल्या एमएलएस संघाचं सीझन तिकीट. १९९९ च्या उन्हाळ्यात ताई आणि ते आमच्याकडे आले, तेव्हा मी त्यांना हौसेने फ्रंटियर फील्डला नेलं. संध्याकाळभर ते मैदान कसं वेडंवाकडं आखलंय एवढंच बोलत होते. परतताना गाडीत म्हणाले, "ठीक आहे, गावच्या मानाने बरं आहे. पण ही मायनर लीग." पाहुण्यांना, त्यातून दाजींना, उलट काय बोलणार? गप्प बसलो. पण ते बोलणं डोक्यातून गेलं नाही.

त्या वर्षी ओपन कपमध्ये रायनोजनी आधी शिकागो फायरला काढलं. मग डॅलस बर्नला. उपांत्य फेरीत कोलंबस क्रूला ३-२ हरवलं. अंतिम सामना १४ सप्टेंबरला, मंगळवारी, ओहायोतल्या कोलंबसला, कोलोराडो रॅपिड्सविरुद्ध. मी आणि कामावरचे दोन मित्र अर्धी रजा टाकून निघालो. बफेलो, ईरी, क्लीव्हलँड, तिथून खाली कोलंबस. गाडीत एक इटालियन वंशाचा मित्र होता. त्याचे वडील सत्तरच्या दशकात रॉचेस्टर लान्सर्सचे सामने बघायचे. लान्सर्स हा या गावाचा जुना क्लब. १९७० मध्ये तो खालच्या एएसएल लीगमधून तेव्हाच्या सर्वांत वरच्या एनएएसएल लीगमध्ये गेला आणि त्याच वर्षी विजेता झाला! त्यांचा कार्लोस मेटिडिएरी सलग दोन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९७१ मध्ये डॅलसविरुद्धचा सामना १७६ मिनिटं चालला आणि शेवटचा गोल याच मेटिडिएरीचा. मित्राने वडिलांकडून ऐकलेलं सगळं क्लीव्हलँड येईपर्यंत सांगितलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण 'रॉचेस्टरसारख्या गावाची वरच्या लीगची लायकी नाही' असं म्हणणाऱ्यांना हा इतिहास माहीतच नसतो.

क्रू स्टेडियम नवं कोरं, त्याच वर्षी मे महिन्यात उघडलेलं. त्या रात्री पाच हजारसुद्धा प्रेक्षक नव्हते, पण त्यातला आमच्या गावचा कोपरा बसायला तयार नव्हता. डग मिलरने पहिला गोल केला. यारी ऑलनटने दुसरा केला, तेव्हा माझ्या शेजारी एक म्हातारा गृहस्थ होते, त्यांनी मला मिठीच मारली. आम्ही एकमेकांचं नावही विचारलं नव्हतं. २-० जिंकलो. प्रशिक्षक पॅट एर्कोली. एकाच स्पर्धेत एमएलएसचे चार संघ, एकामागून एक.

परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपावरच्या फोनवरून कॉलिंग कार्डाने न्यू जर्सीला फोन लावला. मध्यरात्र उलटली होती. ताईने उचलला, दाजींना दिला. ते म्हणाले, "अरे, मोठे संघ या कपात राखीव पोरं खेळवतात, मनावर घेत नाहीत." हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकतोय आणि मला ते अजिबात पटत नाही. एक संघ गाफील राहील. चार राहतात? आणि मनावर न घेताही जिंकता येत असेल, तर एमएलएस सुरू झाल्यापासून दुसऱ्या कुठल्या खालच्या क्लबला हा कप का जिंकता आला नाही? चार्ल्सटन बॅटरी २००८ मध्ये आणि सॅक्रामेंटो रिपब्लिक २०२२ मध्ये अंतिम फेरीपर्यंत पोचले आणि हरले. जिंकले फक्त रायनोज. दाजींच्या मेट्रोस्टार्सनी त्या मोसमात लीगमधल्या ३२ पैकी २५ सामन्यांत हार खाल्ली, आणि पुढच्या वर्षी ते निवांत त्याच लीगमध्ये होते. बंद लीग म्हणतात ती ही.

रायनोजची वर जाण्याची वाट मैदानावरून नव्हतीच, बँकेतून होती. टोरोंटोला एमएलएसची जागा १ कोटी डॉलरला मिळाली, अलीकडे सॅन डिएगोला ५० कोटींना. रायनोजनी १९९८, २००० आणि २००१ मध्ये ए-लीग जिंकली, तरी बोलावणं आलं नाही. मग एमएलएसच्या आशेने स्वतःचं स्टेडियम बांधलं, २००६ मध्ये पीटेक पार्क उघडलं. माझ्या मते क्लब तिथेच बुडाला. दोन वर्षांत मूळ मालकांच्या हातून सगळं गेलं, मग नवे मालक, स्टेडियमला दर थोड्या वर्षांनी नवं नाव. त्यातही २०१५ मध्ये बॉब लिलीच्या संघाने अख्ख्या नियमित मोसमात एकच सामना गमावला आणि यूएसएल, म्हणजे एमएलएसच्या खालची लीग, जिंकली. दोन वर्षांनी खेळ थांबवल्याची घोषणा झाली.

२०२१ मध्ये जेमी वार्डी भागीदार म्हणून आला. इंग्लंडच्या तळच्या श्रेणींतून चढत चढत प्रीमियर लीगचा विजेता झालेला माणूस. क्लबचं नाव रॉचेस्टर न्यूयॉर्क एफसी झालं, आणि २०२२ मध्ये तो एमएलएस नेक्स्ट प्रोमध्ये खेळला. बाकी सगळे तिथे एमएलएसचे राखीव संघ, स्वतंत्र क्लब हा एकटाच. मार्च २०२३ मध्ये तोही बंद. कुटुंबाच्या ग्रुपवर दाजींचा मेसेज आला, "शेवटी बंद पडलाच ना?" हो दाजी, पडला. पण गाव लहान म्हणून नाही. जो दरवाजा उघडणारच नव्हता त्याच्यासमोर घर गहाण टाकलं म्हणून.

आता एवढं मान्य करायला हवं की नव्या स्टेडियमला पूर्वीची गर्दी कधी टिकली नाही, कोडॅकची पडझड झाली तसा गावातला पैसाही आटला, आणि बढतीची सोय असती तरी वरच्या श्रेणीचा खर्च पेलला असता याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

टिकतात कसे, तर तिकिटं, स्थानिक जाहिराती, मुलांच्या अकादम्यांची फी आणि मालकाचा खिसा. रिचमंड किकर्स १९९३ पासून आहेत, आज तिसऱ्या श्रेणीत आहेत आणि त्यांनी उगाच मोठेपणा केलेला नाही. यूएसएलच्या मालकांनी २०२५ मध्ये आपल्या श्रेणींपुरती बढती आणि घसरण आणायच्या बाजूने मत दिलंय. एमएलएसचा दरवाजा त्यानेही उघडत नाही. तुम्ही अमेरिकेत असाल तर वसंतात ओपन कपच्या सुरुवातीच्या फेऱ्या बघा, जवळच्या लहान क्लबच्या मैदानावर. २०२४ मध्ये एमएलएसने आपले आठच मुख्य संघ या कपात उतरवले. मनावर घेत नाहीत म्हणणाऱ्यांनी, मग एवढं टाळायचं कारण काय, तेही सांगावं.