कंबर दुखते म्हणाली तर

प्रिय पोरी,

गावात फिरून भरलेल्या नैराश्याच्या रजिस्टरात बायांचीच नावं जास्त का, असं तू विचारलंस. जगभर तसंच आहे. बायांमध्ये नैराश्य पुरुषांच्या जवळपास दुप्पट दिसतं. लहानपणी हा फरक नसतो, पाळी येण्याच्या वयात पडतो. शरीर बदलतं हे खरंच, पण त्याच वयात पोरीचं शेजारच्या गल्लीत खेळणंही बंद होतं.

माझ्याकडे एक सून कंबर दुखते म्हणून तीनदा आली. तिन्ही वेळा मी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. चौथ्यांदा सासू सोबत नव्हती. म्हणाली, "सिस्टर, सकाळी उठल्यावरच वाटते, संध्याकाळ व्हावी." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणून सासूला आधी पाणी आणायला पाठवत जा, मग बोल.

तिचा नवरा बाहेर खर्रा घोटत बसलेला असायचा. त्याला मी काहीच विचारलं नाही. चार महिन्यांनी रात्री त्यालाच दवाखान्यात आणला. वाचला, नशीब. पुरुष रडत नाही, चिडतो, पितो, बोलणं टाकतो. नैराश्य ओळखायला आपण विचारतो त्या प्रश्नांत तो बसतच नाही. २०२१ मध्ये देशात १,६४,०३३ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातले १,१८,९७९ पुरुष. तुझ्या रजिस्टरात ते कुठे आहेत?

"लग्न करून द्या, सुधरते" हे तू रोज ऐकशील. विधवा आणि सोडलेल्यांपेक्षा नांदत्या जोडप्यांत नैराश्य कमी दिसतं, पण नांदणं कसं आहे त्यावर सगळं. त्याच वर्षी आत्महत्या केलेल्या ४५,०२६ बायांपैकी २३,१७८ गृहिणी होत्या. मारझोडीच्या घरात आजारी पोरगी पाठवणं म्हणजे उपचार नाही, हे बापाला तोंडावर सांग. मी कित्येकदा गप्प राहिले.

आणि हात टेकू नको. अमरावतीकडे ३० गावांत गावातल्याच माणसांना शिकवून काम झालं, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

वेचणीच्या दिवसांत दुपारी कोणी सापडणार नाही, दिवेलागणीला जा. फवारणीचा डबा घरात कुठे ठेवता, हे विचार. कुलूप नसेल तर तेवढं करवून घे. १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर नवरा-बायको दोघांच्याही मोबाइलमध्ये टाक, फुकट आहे. आधी नवऱ्याच्या मोबाइलमध्ये टाक, तो स्वतःहून मागणार नाही.

तुझी,
सिस्टर